बाबा, पोट्टी तेव्हा वाचत नव्हती

बाबा,

तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आता महिना होत आला. त्या दिवशी अमोलनं माईक हातात घेतला तेव्हा मी बायकांच्या रांगेत दुसऱ्या ओळीत बसले होते. तो फार बोलणारा नाही, तुम्हाला माहीतच आहे. दोन-तीन वाक्यं बोलला. म्हणाला, "बाबा समाधानानं गेले. दवाखान्यात त्यांनी शेवटचं एकच विचारलं, नात वाचायला लागली का. लागली, हे कळल्यावर त्यांनी डोळे मिटले." सगळी माणसं हळहळली. माझ्या शेजारच्या बाईनं माझा हात दाबला. मग कुणीतरी म्हणालं, सूनबाईंनी दोन शब्द बोलावे. मी उभी राहिले, हात जोडले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, दुःखानं माझा कंठ दाटला.

दुःख होतंच. पण मी बसले ती लाजेनं. कारण ती बातमी तुम्हाला मी दिली होती, आणि ती खोटी होती.

जे तिथं बोलता आलं नाही ते इथं लिहिते. तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडून बोलावं लागायचं. कागदावर तरी आवाज चढवावा लागत नाही.

लग्न होऊन मी रायपूरला आले तेव्हा पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं, हे माझ्यावर रागावलेत. "परनाली, चहा!" अशी हाक यायची की हातातलं भांडं पडायचं. माझं नाव प्रणाली आहे हे तुम्ही शेवटपर्यंत मान्य केलं नाही. मग अमोलनं सांगितलं, बाबांचं आयुष्य रेल्वेच्या कारखान्यात डब्यांवर घण पडताना ऐकण्यात गेलं, कान तिथंच राहिले, म्हणून ते इतक्या मोठ्यानं बोलतात. बूढ़ापारा मोहल्ल्यातली आपली गल्ली ती केवढी, दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागं जावं लागतं. तुम्ही ओट्यावर बसून मला विचारायचे, "आज भाजी कोन्ती हाय?" आणि कोपऱ्यावरचा भाजीवाला तिकडून ओरडायचा, "मेथी है दादाजी, भेज दूँ?" मी कानकोंडी व्हायचे. "बाबा, हळू बोला न. आपण काय खातो ते साऱ्या मोहल्ल्याले माहीत होते." तुम्ही दोन वाक्यं हळू बोलायचे. तिसरं परत गल्लीभर.

मी हे तुम्हाला किती वेळा म्हटलं असेल, बाबा. हळू बोला. हळू बोला. हे पुढं मला कसं परत भेटलं ते सांगते.

आपली सुजाता साडेचार वर्षांची झाली त्या उन्हाळ्यात तुम्ही गोल बाजारातून पाटी घेऊन आले. खरी पाटी, लाकडी चौकटीची. मला हसू आलं. मी तिच्यासाठी फोनवर अक्षरांची गाणी लावून देत होते, रंगीत, नाचणारी. तुम्ही दोन दिवस ती गाणी तिच्या बाजूला बसून पाहिली. तुम्हाला ऐकू काय येत होतं देव जाणे. मग म्हणाले, "गानं पाठ होऊन राहिलं पोट्टीचं. अक्षर नाही होऊन राहिलं."

आणि तुम्ही 'अ'पासून सुरुवात केली नाही. 'म'पासून केली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. "ओठ पाह्य माये. मिटले? आता म्हन. म्म्म." तुम्ही तिचा हात घेऊन आपल्या गालावर ठेवला. "घूं घूं होऊन राहिलं न? तो 'म' हाय." मग पाटीवर 'म' काढला. दुसऱ्या दिवशी 'प', मग 'ब'. 'क'च्या आधी 'प' कसा, असं मी विचारलं, तर तुम्ही म्हणाले, "जे ओठावर दिसते ते पयले. घशातलं मंग."

पंधरा-वीस दिवसांत ती पाटी घेऊन माझ्याकडे धावत आली. पाटीवर 'मामा' लिहिलं होतं, तुमच्या हातचं. तिनं एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं. मा, मा. मामा. तुम्ही मागं दारात उभे होते, पेन्सिलीच्या पांढऱ्या हातांनी, आणि तिच्यापेक्षा जास्त खूश होते. मी फोडणी टाकत होते. मी मान न वळवता "छान" म्हटलं. तेव्हाच वळायला हवं होतं. पण फोडणी करपली असती, आणि आयुष्य असंच चाललेलं असतं.

तुमचं सगळंच बरोबर होतं असं नाही, हेही लिहिते, नाहीतर तुम्हीच म्हणाल, मेल्यावर काहून मले पाया पडून राहिली. तुम्ही तिला जेवणाआधी जिलबी द्यायचे. कानाचं यंत्र अमोलनं आणून दिलं, ते शिट्टी वाजवते म्हणून कपाटात ठेवलं. इंग्रजी अक्षरांना तुम्ही किडे म्हणायचे आणि पोरगी शाळेच्या वहीत किडे काढायला बसली की तुम्ही समोर हसायचे. मला त्याचा राग यायचा. आजही येतो.

मग 'स' आला, आणि गाडी तिथं अडली.

सुजाता स्वतःला "तुजाता" म्हणायची. लहानपणापासून. आम्हाला ते इतकं गोड वाटायचं की घरात तिचं नावच तुजू पडलं. अमोल म्हणायचा तुजू, मी म्हणायचे तुजू, माझ्या माहेरचे फोनवर म्हणायचे, तुजूला दे. एकटे तुम्ही म्हणत नव्हते. तुम्ही प्रत्येक वेळी पूर्ण नाव घ्यायचे, आणि 'सु' असा ताणून, की दातांमधून हवा सुटायची. "तिचं नाव सुजाता हाय. तिले तिचं नाव ऐकू गेलं पायजे." मी हसायचे. तुम्ही पाटीवर 'स' काढायचे, म्हणायचे "स", ती म्हणायची "त". 'श' काढला तरी "त". 'फ' म्हटला तर "प". एखाद्या दिवशी अचानक बरोबर यायचं, दोनदा, तीनदा. दुसऱ्या दिवशी परत पुसलेल्या पाटीसारखं. सर्दी झाली की मग तर काहीच नाही. तुम्ही पेन्सिल पाटीवर आपटायचे. ती घाबरून तुमच्या तोंडाकडे बघत बसायची.

त्याच सुमारास शाळेतून बोलावणं आलं. टीचर वाईट बोलल्या नाहीत. "बहुत प्यारी बच्ची है, पर ध्यान नहीं देती. अपनी ही दुनिया में रहती है. घर में कितनी भाषाएँ चलती हैं आपके यहाँ?" मी मनात मोजायला लागले. तुमच्याशी मराठी, आमची आपसात अर्धी हिंदी, कामवाल्या दीदीशी छत्तीसगढी, शाळेत इंग्रजी. टीचर म्हणाल्या, अभी कम कीजिए, बच्ची कन्फ्यूज़ हो रही है.

तुम्हाला खरं सांगू? मला बरं वाटलं. पोरीत काही कमी नाही, कारण वेगळंच आहे, हे ऐकून हायसं वाटलं. आणि ते कारण आपल्या ओट्यावर पाटी घेऊन बसलेलं होतं.

संध्याकाळी मी तुमच्याजवळ खुर्ची ओढून बसले. मोठ्यानं, तुम्हाला ऐकू जाईल असं सांगितलं. "बाबा, आता तिले मराठी अक्षरं नका शिकवू. शाळेतून सांगितलं. गोंधळ होऊन राहिला तिचा."

"कोनाचा गोंधळ? 'म' मराठीत बी 'म' आन हिंदीत बी 'म'च हाय न?"

"मग 'ळ' काहून शिकवता? हिंदीत कुठं आहे 'ळ'? रायपुरात काय करणार ती त्याचं?"

तुम्ही पाठ सरळ केली. "'ळ' नाही शिकोला तं बाळाचा बाल होईन. घरात बाळ जन्मलं तं लोकं म्हनतीन, केस जन्मला."

"तुम्ही स्वतः डोळ्याला डोया म्हणता, बाबा. केळ्याला केयं म्हणता."

"म्हनतो. पन लिहितो डोळा. तोंड गावचं हाय माहं, हात शाळेतला हाय."

तेव्हा आपण दोघंही हसलो. तो वाद तसाच राहिला आहे. मला अजूनही वाटतं की रायपूरच्या पोरीनं 'ळ' आधी शिकायची गरज नाही, जमेल तेव्हा शिकेल. तुम्ही असते तर आजही भांडले असते आणि मीही हटले नसते. त्या वादाचं मला ओझं नाही. ओझं पुढच्याचं आहे. हसून झाल्यावर मी तुमच्या हातातली पाटी घेतली आणि आत नेऊन अलमारीवर ठेवली. तुम्ही काही बोलले नाहीत. मला वाटलं, पटलं.

पाटी गेली तरी तुम्ही सोडलं नाही, हे मला नंतर कळलं. संध्याकाळी तिला बूढ़ा तालाबाकडे फिरायला न्यायचे तेव्हा दुकानांच्या पाट्या दाखवायचे. आणि तिथंच तुम्ही ते करून पाहिलं.

त्या रात्री जेवायला बसलो होतो. सुजाता आधीच जेवून टीव्हीसमोर गेली होती. तुम्ही भाकरीचा तुकडा मोडला आणि एकदम म्हणाले, "पोट्टीले ऐकू कमी येऊन राहिलं."

आम्हाला वाटलं, आम्हीच चुकीचं ऐकलं. अमोल म्हणाला, "कोनाले?"

"सुजाताले. मी पाहून राहिलो. माहं तोंड दिसते तंवर ती बरोबर बोलते. आज मी गमछा धरला तोंडासमोर, आन हळूच म्हटलं 'पपई'. काहीच नाही बोलली. गमछा काहाडला, पुन्हा तसंच हळू म्हटलं, तं लगेच 'पपई'. चार-पाच शब्दांचं तसंच केलं. तिले एकदा कानाच्या डॉक्टरकडे दाखवा."

आणि मी बोलले. दिवसभर ऑफिसात बोलणी खाल्ली होती, शाळेचा निरोप डोक्यात होता, माझ्या पोरीत काही खोट आहे असं कुणीतरी पहिल्यांदाच तोंडावर म्हणत होतं. ही सगळी कारणं आहेत आणि एकही पुरत नाही. मी म्हणाले, "बाबा, तिले नाही, तुम्हालेच ऐकू येत नाही. ती बरोबरच बोलत असन, तुमच्यापर्यंत पोचत नसन."

मी ते मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, की एकदाच म्हणून भागावं.

तुम्ही तुकडा ताटात ठेवला. रागावले नाहीत. मला समजावून सांगायला लागले, जसं तिला 'म' समजावला होता तसं. "माहे कान गेले म्हनून तं मले दिसून राहिलं, बाई. ती तोंडाकडे पाहते न, तसं पाहनं मी ओयखतो. मी तसाच पाहतो. सारं आयुष्य पाहून राहिलो."

अमोल म्हणाला, "बाबा, जेवा."

आणि तुम्ही जेवले.

त्यानंतर तुम्ही तो विषय काढला नाही. मी त्याचा अर्थ आपल्या सोयीचा लावला. सर्दीचे दिवस आले, पोरगी अजूनच हट्टी झाली, असं मला वाटायचं. तीनदा हाक मारली तरी वळायची नाही. एक दिवस शाळेचा अभ्यास घेताना मी पाठीमागून चारदा सांगितलं की पान उलट, ती खिडकीबाहेर बघत बसली, आणि मी तिच्या गालात मारली. तुम्ही समोरच होते. उठले. मला वाटलं आता बोलतील, आणि मी उत्तर तयारच ठेवलं होतं. तुम्ही तिचा हात धरला, तिला ओट्यावर नेलं आणि शेजारी बसवलं. कितीतरी वेळ दोघं गल्लीकडे तोंड करून बसून होते. मी आतून बघत होते. एकदा तरी तुम्ही माझ्यावर ओरडायला हवं होतं, बाबा. एरवी मेथीसाठी ओरडायचे.

तुमच्या छातीत कफ भरला आणि आपण दवाखान्यात गेलो. पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले, वय आहे, पण निघेल यातून. म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तुम्ही तिकडे असतानाच सुजाताचा कान दुखायला लागला. सगळी रात्र रडली. अमोल तुमच्याजवळ, म्हणून सकाळी मीच तिला तेलीबांध्याला एका कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. दुखण्यासाठी, बाबा. दुसरं काही माझ्या मनातही नव्हतं.

त्यांनी कानात बघितलं, मग यंत्र लावून बघितलं, मग तिच्या मागं उभं राहून हळू आवाजात शब्द म्हटले. ती गप्प. ते समोर आले, तेच शब्द म्हटले, आणि ती पटापट बोलली. त्यांच्या हातात गमछा तेवढा नव्हता.

डॉक्टर म्हणाले, पडद्याच्या मागं पाणी साचलंय, दोन्ही कानांत, बरेच महिने झाले असावेत. सर्दीत वाढतं, मधे थोडं कमी होतं, म्हणून कधी ऐकू येतं, कधी नाही. 'स', 'फ', 'थ' असे बारीक आवाज तर पोचतच नाहीत. "ठीक हो जाएगा, घबराइए मत. पर अक्षर सीखने की यही उमर है. घर में किसी ने नोटिस नहीं किया?"

मी म्हणाले, "नहीं."

बाबा, हे मी अमोललासुद्धा फार उशिरा सांगितलं. डॉक्टरांनी सहज विचारलं होतं. मी सहज तुम्हाला पुसून टाकलं.

संध्याकाळी मी तुमच्याकडे आले. वाटेत सगळी वाक्यं जुळवली होती. तुमचं खरं होतं. मी चुकले. तिच्या कानात पाणी आहे, औषध सुरू केलं. वॉर्डात आठ-दहा खाटा, प्रत्येकीजवळ नातेवाईक. तुमच्या नाकाला नळी होती. तुम्हाला काही सांगायचं म्हणजे ओरडूनच सांगावं लागणार होतं. मी खाटेजवळ उभी राहिले आणि माझ्या लक्षात आलं की मला हे साऱ्या वॉर्डासमोर ओरडायचं आहे, की मी तुमचं ऐकलं नाही, तुम्हाला बोलले, पोरीला मारलं. घरी आल्यावर सांगू, असं ठरवलं. घरी निवांत सांगू.

तेवढ्यात तुम्हीच विचारलं. नळी असूनही तोच आवाज. "पोट्टी वाचून राहिली का?" सगळा वॉर्ड आमच्याकडे बघायला लागला.

मी मान हलवली. होय म्हणून.

बस, एवढंच. तोंडानं बोलावंसुद्धा लागलं नाही. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ बघितलं, होकाराचं आपलं "हव" म्हणाले आणि डोळे मिटले. अमोल पायाशी बसला होता, त्यानं ते पाहिलं. तुम्ही घरी आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे गेले. आणि अमोलच्या मनात ती माझी हललेली मान तुमच्या शेवटच्या समाधानाची खूण होऊन बसली. ती तो येईल त्याला सांगत राहिला, आणि मी चहा देत राहिले.

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला सगळं सांगितलं. डॉक्टरांना "नहीं" म्हटलं तेही. तो पलंगावर बसून ऐकत होता. मला वाटलं तो चिडेल, मला तेच हवं होतं. तो म्हणाला, "'बाबा, जेवा' मैंने ही बोला था." मग मराठीत म्हणाला, जसा तो फक्त तुमच्याशी बोलायचा तसा, "अन् तुले काय वाटते, तू मान हलवली तं त्यायले खरं वाटलं? बाबा कानानं कधी ऐकत होते? ते तोंडाकडे पाहून ऐकत होते."

तेव्हापासून मी त्या एका क्षणावर येऊन थांबते. तुम्ही माझ्या चेहऱ्याकडे बघितलं होतं. तुम्हाला खोटं वाचता येत होतं, हे मला माहीत आहे, कारण अमोलच्या एकाही थापेवर तुम्ही कधी विश्वास ठेवला नाही. मग तुम्ही "हव" का म्हणाले? पटलं म्हणून, की माझी सुटका करावी म्हणून? पहिलं असेल तर मी तुम्हाला फसवलं. दुसरं असेल तर तुम्ही जाताजाता मला माफ केलं आणि मी ते मागितलंही नव्हतं. दोन्हींपैकी कोणतं जास्त जड आहे ते मला ठरवता येत नाही.

औषधांनी पुरतं भागलं नाही, म्हणून मागच्या आठवड्यात तिच्या कानांचं छोटंसं ऑपरेशन झालं. सकाळी नेली, दुपारी घरी. बाहेर रस्त्यावर आलो आणि तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. ऑटो, हॉर्न, दुकानासमोरचा जनरेटर. मी तिला उचलून घेतलं. ती माझ्या खांद्याशी तोंड आणून म्हणाली, "मम्मी, आज सब लोग आजोबा जैसा बोल रहे हैं."

मी तिथंच फुटपाथवर बसले.

म्हणजे इतके महिने, बाबा, आपल्या घरात तिला नीट ऐकू येत होता तो एकच आवाज होता. ज्याला मी दिवसातून दहादा सांगत होते, हळू बोला. ती दिवसभर तुमच्या मागं मागं का असायची, तुमच्याच जवळ बसून 'मामा' कसं शिकली, माझ्याजवळ बसल्यावर खिडकीबाहेर का बघायची, ते सगळं मला त्या फुटपाथवर कळलं. मी तिला तुमच्यापासून तोडायला निघाले होते. तुम्ही ओरडून बोलत राहिले म्हणून ती पूर्ण एकटी पडली नाही. त्यासाठी तुमचे उपकार कोणत्या शब्दांत मानायचे ते मला येत नाही. मी एवढंच म्हणते, बरं झालं तुम्ही माझं ऐकलं नाही.

आता संध्याकाळी आम्ही दोघी ओट्यावर बसतो. मला तुमच्यासारखं येत नाही. मी पटकन उत्तर सांगून मोकळी होते, तिला चाचपडू देत नाही. 'स' अजून निम्म्या वेळा 'त' होतो. डॉक्टर म्हणाले, कान आत्ता उघडले, जिभेची सवय जायला वेळ लागेल. मी घाई करत नाही. म्हणजे घाई येते, ती गिळते.

काल मी तिला जवळ घेऊन सांगितलं, "मी तुला मारलं होतं न एकदा, तू ऐकत नव्हतीस म्हणून? तुला ऐकूच येत नव्हतं. चूक माझी होती. सॉरी." मला वाटलं ती विसरली असेल. विसरली नव्हती. गालाला हात लावून म्हणाली, "इधर मारा था." मग म्हणाली, "उस दिन आजोबाने बताया था. बोले, तुझे आन माहे कान सारखेच हायत." तुमचे शब्द तिनं तुमच्याच सुरात म्हटले, तुमच्याइतक्या मोठ्यानं. मला माहीत नव्हतं की तिला मराठी इतकी येते.

मी म्हटलं, "हव, सारखेच होते."

तिनं आपल्या कानांना हात लावून बघितला. मग विचारलं, "मम्मी, अब मेरे कान आजोबा जैसे नहीं रहे ना?"

काय सांगणार होते मी, बाबा? पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं. मी म्हटलं, "नाही राहिले."

तुम्ही गेल्यापासून ती एकदाही रडली नव्हती. तुम्हाला नेताना नाही, कार्यक्रमात नाही. लहान आहे, समजत नसेल, असं लोक म्हणत होते. काल ती माझ्या मांडीत तोंड घालून रडली, आणि मी तिला गप्प केलं नाही.